तापातले झटके: थर्मामीटर खाली ठेवा, घड्याळाकडे बघा

प्रश्न: माझी नात १७ महिन्यांची आहे, वजन १० किलो. मुलगा-सून नोकरीला, त्यामुळे दिवसभर ती माझ्याकडेच असते. मागच्या बुधवारी दुपारी खेळता खेळता तिचे डोळे वर गेले, अंग ताठ झाले आणि दोन्ही हातपाय झटकू लागले. ओठ काळेनिळे पडले, तोंडातून फेस आला. मी मुलाला फोन केला, तिच्या दातांत चमचा घातला, डोक्यावर माठातले पाणी ओतले. शेजारणीने कांदा फोडून नाकाशी धरला. दहा मिनिटे तरी चालले असेल. रिक्षात बसलो तोवर झटके थांबले होते. दवाखान्यात ताप १०१.२ निघाला, सकाळपासून मला तिचे अंग गरम लागले नव्हते. एक रात्र ठेवून घेतले, ‘तापातले झटके’ म्हणाले. पाठीतले पाणी काढले नाही, मेंदूचा फोटोही काढला नाही. नाकात मारायचा फवारा दिलाय, ‘४ पफ’ असे लिहिलेय. मुलगा म्हणतो, ‘आई, तुझ्या लक्षात कसे आले नाही? ताप डोक्यात गेला ना!’ आता तो रात्री दर दोन तासांनी तिला उठवून ताप बघतो. पुढच्या महिन्यात दीड वर्षाची लस आहे, तीही नको म्हणतो. खरे तर त्यालाही लहानपणी दोनदा असेच झाले होते, पण ते त्याला आठवत नाही आणि मी सांगितलेले नाही. पुन्हा झाले तर मी एकटी काय करू? हे फेफरे तर नाही ना? तशी ती अंगाने बरी आहे, दूध भरपूर पिते, पोळी-भाजी मात्र खात नाही.
— एक आजी, संगमनेर

उत्तर: आजी, जे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलेत, त्यातच तुमच्या निम्म्या प्रश्नांचे उत्तर आहे. मुलालाही लहानपणी तापात झटके आले होते. हे त्याला आज संध्याकाळीच सांगा आणि नातीच्या फाइलवर डॉक्टरांकडून लिहूनही घ्या. तापात झटके येण्याची प्रवृत्ती घराण्यातून येते. आईवडिलांना किंवा सख्ख्या भावंडांना लहानपणी तसे झाले असेल, तर मुलाला होण्याची शक्यता वाढते. तुमच्या नातीने ही गोष्ट बहुधा बापाकडूनच घेतली आहे, जसे नाक-डोळे घेतले असतील तशी.

सहा महिने ते पाच वर्षे या वयात मेंदू तापाला जरा जास्तच चटकन भडकतो. शंभरातल्या दोन ते पाच मुलांना एकदा तरी असे झटके येतात, आणि दीड वर्षाच्या आसपासचा काळ त्यात सगळ्यांत नाजूक. ताप १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर गेला की एवढ्यावरही झटका येऊ शकतो. त्यासाठी १०४ लागत नाही. ताप ‘डोक्यात जातो’ ही समजूत घराघरांत आहे, पण ताप पायऱ्या चढत मेंदूत शिरत नाही. तापाच्या पहिल्या काही तासांत, तो वाढत असतानाच बऱ्याच मुलांना झटका येतो. कित्येक घरांत ताप असल्याचे कळते तेच झटक्यानंतर. तुमच्या घरी नेमके तेच झाले. कपाळाला हात लावून तुम्हाला कळायला हवे होते, असे म्हणणाऱ्यालाही ते कळले नसते.

आता दहा मिनिटांचे बघू. मूल निळे पडलेले असते तेव्हा दोन मिनिटांची दहा होतात, सगळ्यांचीच. तुमच्या मोबाइलमधली कॉलची यादी उघडा. मुलाला केलेला पहिला फोन किती वाजता गेला? रिक्षा मिळाल्यावर कुणाला फोन केला होता का? शेजारीण कितव्या मिनिटाला आली? या वेळा जोडून पाहा. असे बहुतेक झटके काही मिनिटांतच आटोपतात. ही आकडेमोड करायची ती नुसते मनाचे समाधान व्हावे म्हणून नाही, कारण डॉक्टर ज्याला ‘साधा’ तापातला झटका म्हणतात त्याच्या तीन अटी असतात: झटका सगळ्या अंगाला हवा, १५ मिनिटांच्या आत थांबायला हवा आणि २४ तासांत पुन्हा यायला नको. एकाच बाजूचा हात-पाय झटकला, १५ मिनिटे उलटली किंवा त्याच दिवशी दुसरा आला, तर त्याला ‘गुंतागुंतीचा’ म्हणतात आणि तपासण्यांची दिशा बदलते. तुमच्या वर्णनावरून नातीचा झटका साधा वाटतो.

फेफरे आहे का?

नाही. ताप नसताना पुन्हा पुन्हा झटके येतात ते फेफरे. एरवी शंभरातल्या एखाद्या मुलाला पुढे फेफरे होते. साधा तापातला झटका आलेल्या मुलांत ते प्रमाण शंभरात एक ते दोन असते. गुंतागुंतीचा झटका, घरात कुणाला फेफरे किंवा बसणे-चालणे-बोलणे मुळातच उशिरा, यांपैकी काही असेल तर हा आकडा वाढतो. अमेरिकेतल्या, १९७० च्या दशकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तापात झटके आलेल्या १,७०६ मुलांवर सात वर्षांची होईपर्यंत लक्ष ठेवले होते, आणि एरवी धडधाकट असलेल्या मुलांच्या बुद्धीवर या झटक्यांचा परिणाम झालेला दिसला नाही. सुनेला हे नक्की सांगा, कारण ‘हिचे शिक्षण कसे होईल’ हा प्रश्न आया मनात ठेवतात आणि विचारत मात्र नाहीत.

एक गोष्ट मात्र गोड करून सांगता येणार नाही. झटका पुन्हा येऊ शकतो. सरसकट बोलायचे तर तीनांतल्या एका मुलाला येतो. वय १८ महिन्यांच्या आत, आईवडील किंवा भावंडांना तसाच त्रास, ताप सुरू झाल्यापासून तासाभरात झटका आणि झटक्याच्या वेळी ताप फार नसणे, या चार गोष्टी शक्यता वाढवतात. तुमच्या नातीत यातल्या निदान तीन आहेत. म्हणजे पुन्हा येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, आणि आलाच तर बहुधा वर्षभरातच. झटका अजिबात येऊ नये म्हणून रात्रभर जागायचे की आलाच तर पाच मिनिटे नीट सांभाळायची, यातले दुसरेच आपल्या हातात आहे. म्हणून पत्रातल्या बाकी सगळ्या प्रश्नांपेक्षा ‘मी एकटी काय करू’ यालाच आम्ही जास्त जागा देतो आहोत.

ती पाच मिनिटे

पहिले काम, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून वेळ मोठ्याने बोला: ‘बारा वाजून दहा.’ मनात बघितलेली वेळ विसरते, बोललेली लक्षात राहते.

मग तिला खाली घ्या. खुर्ची, पलंग, पाळणा, झोळी, कडेवर, कुठेही असली तरी सतरंजीवर किंवा दुमडलेल्या गोधडीवर, जमिनीवर. डाव्या किंवा उजव्या कुशीवर वळवा, वरचा पाय गुडघ्यात दुमडा म्हणजे ती पालथी पडणार नाही, आणि तोंड किंचित जमिनीकडे झुकू द्या. लाळ, फेस, उलटी जे काही येईल ते बाहेर ओघळले पाहिजे, घशात उतरता कामा नये. गालावरची लाळ मऊ फडक्याने पुसा, बोट तोंडात नको. गळ्यातली साखळी, काळा दोरा, टोपरे, घट्ट नाडी सैल करा. हातपाय दाबून धरू नका. धरल्याने झटका थांबत नाही, खांदा मात्र दुखावतो. फक्त फरशीवर डोके आपटू नये म्हणून हात खाली ठेवा.

हे झाले की उठून दाराची कडी काढा. एकट्या माणसाकडून हे हमखास राहते: मदत दारात येते आणि आतून कडी. मग मोबाइल स्पीकरवर टाकून १०८ लावा आणि ‘सतरा महिन्यांचे मूल, तापात झटका’ एवढेच सांगून पत्ता द्या. गाडी यायला वेळ लागतो, त्यामुळे पाच मिनिटे वाट बघून मग फोन करण्यात अर्थ नाही. तोवर झटका थांबला तरी तिला दवाखान्यात न्यायचेच आहे.

ओठ निळे पडतील. छातीचे स्नायूही आकसल्याने श्वास अडखळतो म्हणून तसे दिसते, झटका ओसरला की रंग परत येतो. झटका चालू असताना तोंडाने फुंकून श्वास देऊ नका, छातीही दाबू नका. झटका थांबूनही छाती हलत नसेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा १०८ वरची व्यक्ती सांगेल तसे करा. शेजारीण घरात असेल तर तिला कांदा आणायला न धाडता तिच्या हाती मोबाइल द्या आणि वीस सेकंदांचे चित्रण करायला सांगा. झटका दोन्ही बाजूंना होता की एका, डोळे कुठे वळले होते, हे त्यात डॉक्टरांना जितके स्पष्ट दिसते तितके दहा जणांनी सांगूनही कळत नाही.

चमचा, कांदा आणि पाण्याबद्दल रागावणार नाही, कारण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच शिकवले गेले. पण पुन्हा नको. जीभ घशात गिळली जात नाही, ती खालून जोडलेली असते. फार तर कडेला चावली जाते आणि चार दिवसांत भरून येते. चमच्याने मात्र दुधाचा दात तुटतो आणि तुटलेला तुकडा श्वासनळीत जाऊ शकतो. दातखीळ उघडायला गेलेले बोट चावले जाते ते वेगळेच. पाणी किंवा औषध तोंडात घातले तर थेट फुप्फुसात उतरण्याची भीती असते, कारण त्या वेळी तिला गिळता येत नाही. माठाच्या गार पाण्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, अंगात कापरे भरते आणि आतला ताप उलट चढतो. कांदा, चप्पल, हातात किल्ली यांनी फायदा काहीच नाही, फक्त मिनिटे जातात. झटका आपोआप थांबतो त्याच वेळी कुणीतरी कांदा धरलेला असतो, म्हणून श्रेय कांद्याला मिळते.

फवारा

पाच मिनिटे उलटली आणि झटका सुरूच असेल तर फवारा. तुमच्या डॉक्टरांनी याहून कमी वेळ लिहून दिली असेल तर ती पाळा. झटका आपोआप थांबला असेल तर फवारा मारायचा नाही. उगाच मारला तर ती गुंगीत जाईल आणि तपासणाऱ्याला ही गुंगी औषधाची की आजाराची, हे कळणार नाही.

या फवाऱ्यात मिडाझोलम हे झटका थांबवणारे औषध असते. मात्रा साधारण किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे १० किलोला २ मिलिग्रॅम. तुमच्या कागदावर ‘४ पफ’ आहे, याचा अर्थ डॉक्टरांनी एका दाबात ०.५ मिलिग्रॅम सोडणारी बाटली गृहीत धरली आहे. दुकानात एका दाबात १.२५ मिलिग्रॅम सोडणारी बाटलीही मिळते. दिसायला सारखीच. त्या बाटलीचे चार पफ म्हणजे ५ मिलिग्रॅम, अडीच पट, आणि तेवढ्याने श्वास मंदावू शकतो. म्हणून आजच बाटली चष्मा लावून वाचा. ‘प्रत्येक फवाऱ्यात’ पुढे ०.५ लिहिले असेल तर कागद बरोबर आहे. १.२५ असेल तर डॉक्टरांना बाटली दाखवून कागद बदलून घ्या, स्वतः भागाकार करू नका.

नवीन बाटलीच्या पंपात हवा असते. पहिले काही दाब नुसतेच फुसकतात, औषध येतच नाही. बाटली घरी आणली त्याच दिवशी हवेत दाबून बारीक तुषार दिसेपर्यंत बघा, आणि बरेच दिवस पडून असेल तर वापरण्याआधी पुन्हा एकदा. प्रत्यक्ष वेळी नाकात शेंबूड असेल तर पुसा, बाटली शक्य तितकी उभी धरा, टोक नाकपुडीच्या तोंडाशी टेकवा, आणि एक उजव्या, एक डाव्या असे आलटून पालटून चार दाब द्या. खोल खुपसायचे नाही. ती कुशीवर असतानाही हे जमते. परिणाम काही मिनिटांत दिसतो. त्यानंतर ती गाढ झोपेल. तिच्या छातीची वरखाली बघत राहा. पाच मिनिटांनंतरही थांबले नाही तर आपल्या मनाने दुसरी मात्रा देऊ नका, गाडीत बसा.

बाटली कुलपाच्या कपाटात नको. उंचावर, पण उघड्या फळीवर, आणि खाली फ्रिजच्या दारावर एक कागद: नातीचे वजन आणि ते केलेली तारीख, किती पफ, १०८, डॉक्टर, मुलगा, सून, शेजारीण. गावाला जाताना बाटली आणि कागद दोन्ही पिशवीत.

नंतर

झटका थांबल्यावर मूल अर्धा-पाऊण तास पेंगते, ओळखत नाही, किरकिरते. हे अपेक्षित असते. पूर्ण जाग येईपर्यंत दूध-पाणी नाही. तासाभरात नीट शुद्धीवर आली नाही, मान ताठ वाटली, सारख्या उलट्या झाल्या, अंगावर दाबूनही न जाणारे लाल-जांभळे ठिपके दिसले, एका बाजूचा हात उचलेना, श्वास जोरात चालला किंवा पुन्हा झटका आला, तर मोठ्या दवाखान्यात तातडीने. ताप नसताना झटका आला तरी तसेच. अगदी दोन मिनिटांत थांबून ती हसली-खेळली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचे, कारण झटका संपला तरी ताप कशाचा हा प्रश्न उरतोच. बहुतेक वेळा विषाणूचा साधा ताप, कधी कान फुटणे, कधी लघवीचा जंतुसंसर्ग.

पावसाळ्यात जास्त सावध राहा. चांदीपुरा विषाणूचा ताप वालुमाशीच्या चावण्यातून येतो. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावावरून त्याला नाव पडले, १९६५ मध्ये तो तिथेच पहिल्यांदा सापडला. त्यातही ताप आणि झटके येतात, पण ते मूल झटक्यानंतर जागे होत नाही, तासागणिक खालावत जाते. मलेरिया आणि मेंदूज्वरातही असेच घडू शकते. ‘मागच्या वेळी साधेच निघाले होते’ म्हणून घरी थांबणे धोक्याचे ठरते ते इथे.

पाठीतले पाणी काढले नाही ते चुकले का, अशी शंका तुमच्या पत्रात दिसते. नाही. वर्षाच्या आतले मूल, अर्धवट लसीकरण, ताठ मान, न उतरणारी गुंगी, किंवा आधीच अँटिबायोटिक सुरू असणे, अशा वेळी ती तपासणी हवी. शेवटचे कारण ध्यानात ठेवा: घरात उरलेले अँटिबायोटिक दोन दिवस पाजले तर मेंदूज्वराची लक्षणे झाकली जातात आणि निदान अवघड होते. नात जागी झाली, खेळली, लसी झालेल्या आहेत. साध्या झटक्यात मेंदूचा फोटो किंवा मेंदूचा आलेख काढूनही हाती काही लागत नाही. आलेखात जरा वेडेवाकडे दिसले तर उलट नको ते औषध मागे लागते.

ताप आणि ताप उतरवणारी औषधे

मुलाला सांगा, झोपू दे. तिलाही आणि स्वतःलाही. दर दोन तासांनी ताप मोजल्याने किंवा ठरावीक वेळाने पॅरासिटामॉल पाजत राहिल्याने पुढच्या आजारातला झटका टळतो, असे अभ्यासांत दिसलेले नाही. तिच्या खोलीत कुणीतरी झोपले म्हणजे पुरे. औषध द्यायचे ते अंग दुखते, किरकिर होते, पाणी पीत नाही म्हणून. बरे वाटले की ती पेज, ताक, आईचे दूध घेते, त्याचा खरा उपयोग.

पॅरासिटामॉलची मात्रा किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे तिला १५० मिलिग्रॅम. इथे मोठी चूक होते. ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमचे सिरप असेल तर ६ मिली, ५ मिलीत २५० चे असेल तर ३ मिली, आणि १ मिलीत १०० मिलिग्रॅमचे ड्रॉप्स असतील तर फक्त दीड मिली. ड्रॉप्सची बाटली उचलून ‘सहा’ दिले तर चौपट मात्रा पोटात जाते आणि यकृताला इजा होऊ शकते. चहाच्या चमच्याने मोजू नका. दुकानातून सुईशिवाय ५ मिलीची सिरिंज घ्या. दोन मात्रांत चार ते सहा तासांचे अंतर ठेवा, दिवसाला चारपेक्षा जास्त मात्रा नकोत. निमेसुलाइड १२ वर्षांखालील मुलांना देण्यावर २०११ पासून बंदी आहे, तरी जुन्या कपाटातून ते निघते, टाकून द्या. मेफेनॅमिक अ‍ॅसिड असलेली औषधे ताप पटकन उतरवतात म्हणून लोकप्रिय आहेत, पण डेंग्यू असेल तर आयबुप्रोफेन आणि ती दोन्ही रक्तस्राव वाढवू शकतात. अ‍ॅस्पिरिन मुलांना नाहीच. दोन औषधे आलटून पालटून देऊ नका, तिसऱ्या दिवशी कुणी काय दिले याचा हिशेब राहत नाही.

काख पुसून थर्मामीटर लावा. काखेतला आकडा आतल्या तापमानापेक्षा साधारण एक अंश कमी येतो. आणि थंडी वाजून हुडहुडी भरली तर घाबरून फवारा उचलू नका: हुडहुडीत मूल डोळ्यांत बघते, रडते, हाक मारली तर वळते. झटक्यात ते तिथे नसतेच.

ताप आला की दोन-तीन दिवस क्लोबाझम (झटके रोखणारे औषध) द्या, असे कुणी सुचवले तर त्याला जागा आहे, पण ती वारंवार झटके येणाऱ्या किंवा लांबलेल्या झटक्यांच्या मुलांसाठी. त्याने पेंग येते, चालताना तोल जातो, आणि तुमच्या नातीसारखा ताप कळायच्या आतच झटका आला तर ते द्यायला वेळच मिळत नाही. रोजची फेफऱ्याची औषधे एका साध्या झटक्यासाठी नकोत. फेनोबार्बिटोनने मुले चिडचिडी, चंचल होतात. व्हॅल्प्रोएट दोन वर्षांखाली यकृताला धोक्याचे असते.

लस आणि दूध

दीड वर्षाची लस वेळेवर द्या. त्या भेटीत डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर आणि गोवर-रुबेलाचा दुसरा डोस असतो. डीपीटीचा ताप आला तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी येतो. गोवराच्या लसीचा ताप मात्र सातव्या ते बाराव्या दिवशी, जेव्हा लस दिली हे घरात सगळे विसरलेले असतात. कॅलेंडरवर दोन्ही तारखांना गोल करा. लसीनंतर क्वचित कुणाला झटका आला तरी तो तापाचाच झटका असतो, तसाच साधा. खरा गोवर झाला तर झटक्यांखेरीज न्यूमोनिया आणि मेंदूला सूज येण्याची भीती असते. परिचारिकेला आधी सांगून ठेवा. खासगीत मिळणाऱ्या ‘न दुखणाऱ्या’ डीपीटीला ताप कमी येतो, खर्च झेपत असेल तर डॉक्टरांशी बोला.

‘दूध भरपूर पिते, पोळी-भाजी खात नाही’ हे वाक्यही आम्ही सोडत नाही. लोह कमी असलेल्या मुलांत तापातले झटके जास्त दिसतात, आणि गाई-म्हशीच्या दुधात लोह नावापुरते असते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली ६ ते ५९ महिन्यांची ६७ टक्के मुले रक्तक्षयी निघाली, तेव्हा गुटगुटीत दिसते म्हणून तपासायचे टाळू नका. दूध दिवसाला अर्ध्या लिटरवर आणा, तेही जेवणानंतर. आधी वरण-भात कुस्करून, नाचणीची पेज, पालक घातलेली मुगाची खिचडी, चालत असेल तर अंडे, वर चार थेंब लिंबू. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) तपासा, पण फेरिटिन आत्ता नाही: ताप असताना आणि नंतर काही दिवस ते खोटे वाढलेले दिसते, तेव्हा ताप जाऊन दोन-तीन आठवडे झाल्यावर. लोहाचे औषध सुरू झाले तर दुधासोबत देऊ नका. शी काळी होईल, ते चालते.

आणि त्याच भेटीत वजन करून घ्या. भूक लागली, जेवू लागली की ती भरभर वाढेल. अकरा-बारा किलोची झाली की पफची संख्या आणि सिरपचे मिली दोन्ही बदलतात. फ्रिजवरचा जुना आकडा खोडून नवा डॉक्टरांच्याच अक्षरात घ्या.